पळत्यात ती चोरं

आमच्या थोरल्या जाऊबाई पळत नाहीत. वय झालं म्हणून नाही, गुडघे दुखतात म्हणूनही नाही. पळतच नाहीत. ऐन तरुणपणीही कधी पळाल्या नाहीत, असं गावातली म्हातारी माणसं शपथेवर सांगतात.

एकदा बाजारच्या दिवशी तात्यांचा खिल्लारी बैल दावं तोडून सुटला. माणसं टेम्पोवर चढली, बाया दुकानांत शिरल्या, आमचे सरपंच तर केळ्यांच्या गाडीखाली सापडले. आणि अक्का, म्हणजे आमच्या जाऊबाई, डोक्यावर शेवंतीची पाटी घेऊन आपल्या चालतायत. बैल मागं, अक्का पुढं. बैल पळतोय, अक्का चालतायत, आणि तरी दोघांमधलं अंतर काही कमी होईना. अख्खी पेठ पार झाली तेव्हा शेवटी बैलच कंटाळला आणि कुणाच्या तरी कडब्याला तोंड लावून उभा राहिला. लोक धावत आले, "अक्का, अवो पळाला का न्हाईत?"

अक्कांनी पाटी सारखी केली. "पळू कशाला? मी काय त्याची पेंड चोरलीया? पळत्यात ती चोरं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एस्टी सुटली तरी तेच. फाट्यावर एस्टी डोळ्यांदेखत निघून जाते, मी "ओ मास्तर, ओ कंडक्टर" करत ऊर फुटेस्तोवर तिच्यामागं धावते आणि धूर खाऊन परत येते. अक्का मात्र रस्त्यानं चालू पडतात. पुढच्या फाट्यावर ड्रायव्हर चहाला थांबतो हे त्यांना माहीत असतं. मी मागून वडाप जीपमधून लटकत जाते, तर अक्का एस्टीत खिडकीशी बसलेल्या. वर कंडक्टरला विचारतात, "झाला का रं चहा? निघायचं का मग?" आणि तो मेला हसतो. मला बघून कधी कुठला कंडक्टर हसला नाही.

तर मी त्यांची धाकटी जाऊ. नाव नलिनी, माहेर दौंड. दौंड म्हणजे जंक्शन. वडील रेल्वेत होते, मी दहावी पास, आणि आमच्या घरात 'आहे' म्हणायची पद्धत आहे, 'हाय' नाही. दिली कुठं, तर इकडं शिरूर तालुक्यात, नदीकडेला. तालुक्याला लागून तालुका, पण शिरूरला रेल्वे नाही, हे मी लग्नानंतर बरेच दिवस येता-जाता सांगत असे. अक्कांचं माहेर शेजारचंच, इनामगाव. तिथं म्हणे जमिनीखाली फार फार जुन्या काळची माणसं सापडली, सांगाडे, रांजण, चुली. मोठमोठे साहेब येऊन बघून गेले. मला विचाराल तर ती सगळी अक्कांच्या भावकीतली असणार. हट्ट तेवढाच जुना आहे.

आता उगीच आडपडदा कशाला ठेवू? मी अक्कांवर जळते. अगदी पहिल्या दिवसापासून जळते. भाकरी मी केली तर ती भाकरी असते, अक्कांनी केली तर माझा नवरा तिला 'वहिनीच्या हातची' म्हणतो. फुलं दोघींच्या वाफ्यांत सारखीच, पण बाजारात गिऱ्हाईक आधी त्यांच्या पाटीपुढं बसतं. थोरले दीर गेले, अक्कांचा संदीप शिक्रापूरला कंपनीत लागला आणि तिकडंच खोली घेऊन राहिला, तेव्हापासून अक्का एकट्या राहतात. चूलही वेगळी. तरी गावातलं कुणीही आलं की आधी त्यांच्या दारात थांबतं आणि मग माझ्या दारात येऊन मला सांगतं, "जाऊ असावी तर अशी!" अगं बाई, मीही कुणाची तरी जाऊच आहे ना? अंगाचा नुसता तिळपापड होतो.

त्यात त्यांनी मला नाव ठेवलंय फटफटी. मी चालते कमी आणि पळते जास्त, वर चपला वाजतात, म्हणून फटफटी. सकाळी फुलं तोडायला दोघी निघतो तेव्हा अक्का पुढं, मी मागं. बरोबरीनं चालायची सोय नाही, कारण त्यांची चाल कुणाला झेपतच नाही. अंतरं त्या मिश्रीत मोजतात. शाळा एका मिश्रीवर, मळा दोन मिश्रीवर, तोंडातली मिश्री थुंकेपर्यंत जेवढं चालून होतं तेवढं. आणि मागं वळून न बघता त्यांना सगळं कळतं. "फटफटी, पदर आवर, बाभळ हाय." "फटफटी, काय चघळतीस? दात घासल्यात का?" पाठीला डोळे आहेत की काय देव जाणे.

एकच गोष्ट माझी आहे आणि ती अक्कांकडं नाही. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. बाई म्हणजे धगधगता निखारा. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. शेजारपाजार, नातेवाईक, भाजीवाला, कुणी सुटलं नाही. अक्कांनी तर पोतंभर बोलणी खाल्ली. पण मला? मला जन्मात एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी अंगणभर धावायचे, भांडी आपटायचे, माहेरचं कुणी दिसलं की वेशीपर्यंत पळत सुटायचे. आत्याबाई दारात बसून बघायच्या आणि गप्प. मी त्यांची लाडकी होते. हे मी अक्कांना अधूनमधून ऐकवतेच. म्हणजे सहज आपलं, "आत्याबाईंचा माझ्यावर फार जीव होता, नाही अक्का?" अक्का म्हणतात, "व्हता की."

बास. तेवढं म्हणतात आणि मिश्री लावतात. मी मनात म्हणते, लागलं बरं!

तर परवाची शर्यत. बचत गटांच्या बायकांसाठी तालुक्या-तालुक्यांत चालण्याची सांघिक शर्यत ठेवली होती. आमच्या शाळेतल्या पीटीच्या मॅडम गटाच्या मीटिंगला आल्या आणि समजावू लागल्या. चौघींची टीम. एकीनं एक फेरी चालायची, दुसरीच्या हातात दांडा द्यायचा, मग तिनं चालायचं. पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. दोन्ही पाय एकदम उचलले की पंच लाल कार्ड दाखवणार. सगळ्या टीमची मिळून तीन लाल कार्डं झाली की टीम बाद.

सगळ्या बाया हळूहळू माना वळवून अक्कांकडं बघायला लागल्या. अक्का शेंगा फोडत होत्या.

"चालायची शर्यत?" त्या म्हणाल्या. "बक्षीस देत्यात? चालायचं? उद्या जेवायचं बी देतील."

पण नाव दिलं. मीही दिलं, हे काय सांगायला पाहिजे? तिसरी आमच्या डेअरीवरची रंजना आणि चौथी सरपंचांची सून मनीषा. शर्यत कुठं, तर दौंडला! ऐकलं मात्र, मी त्याच मिनिटाला माहेरी फोन लावला. माझी वहिनी आल्यागेल्याला सांगते, "आमच्या नलूताईंना तिकडं आत दिलंय, बिचाऱ्या फुलं तोडतात." बिचाऱ्या! म्हटलं, ये आता बघायला. माहेरच्या माणसांसमोर, आपल्या गावात, शेवटच्या फेरीत फीत तोडायची आणि टाळ्या घ्यायच्या. आयुष्यात एकदा टाळी माझ्यासाठी वाजावी, एवढंच. फार मागते का?

मी मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं, "शेवटची फेरी मला द्या. माझं माहेर आहे, शोभून दिसेल."

मॅडम म्हणाल्या, "ताई, शोभा नको, वेग पाहिजे. शेवटी अक्का. तुम्ही तिसऱ्या."

आणि वर आमच्या सरपंचांनी फाट्यावर शुभेच्छांचा फ्लेक्स लावला. मधोमध अक्का, पदर खोचून, देवीसारख्या. वर ओळीनं सगळे नेते. रंजना आणि मनीषा एका बाजूला. मी दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात, गोल खिडकीत, आणि फ्लेक्स बांधला होता तो बांबू नेमका माझ्या अर्ध्या तोंडावर. मी नवऱ्याला म्हटलं, जरा सरकवून बांधा ना. तर म्हणे, "अगं ओळखू येतीयेस की. नाक दिसतंय."

सराव सुरू झाला शाळेमागच्या रस्त्यावर. दांडा एकच, तो मॅडमनी कपाटात ठेवलेला, म्हणून आम्ही लाटण्यावर शिकलो. पहिली अडचण गुडघ्याची. पाय पुढं टाकला की गुडघा सरळ हवा, असाही नियम आहे. सराव बघायला मॅडमनी शिरूरहून एक पंच बोलावला होता, चष्मेवाला पोरगेलासा. तो वाकून वाकून अक्कांच्या लुगड्याकडं बघत म्हणाला, "आजी, गुडघा दिसत नाहीये."

अक्का जागच्या जागी थांबल्या. "माझा गुडघा घरच्या माणसानं कवा उजेडात बघितला न्हाई. तू कोण लागून गेलास रं टिकोजीराव?"

त्याचा चष्मा घसरला. शेवटी मॅडमनी हातापाया पडून अक्कांना ट्रॅकपँट घालायला लावली. संदीपची होती, कंपनीत दिवाळीला मिळालेली. वर टी-शर्ट, डोक्याला पदराच्या ऐवजी ओढणी. मी म्हटलं, आता दिसेल ध्यान. तर मेली शोभून दिसली! मी घातली तर माझा नवरा म्हणाला, "आज नळ दुरुस्तीला निघालीस काय?"

दुसरी अडचण दांड्याची. मॅडमनी शिकवलं, देणारीनं उजव्या हातानं द्यायचा, पुढचीनं मागं न बघता डाव्या हातात घ्यायचा. रंजनाला जमलं, मनीषाला जमलं, मला जमलं. अक्का डावा हात पुढं करीनात.

"डाव्या हातानं घ्यायचं न्हाई," अक्का म्हणाल्या. "डाव्या हातानं दिल्यालं-घेतल्यालं लाभत न्हाई. आमच्यात न्हाई तसं."

"अहो अक्का, हे हळदीकुंकू नाही. रिले आहे."

"आसंल. पण लाटणं हाय न्हवं? घरात आलेलं लाटणं डाव्या हातानं घेऊ व्हय? आन् ते बी जावंच्या हातनं?"

पहिल्या दिवशी तर त्या थांबून, वळून, दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायच्या. "दमलीस का गं?" असंही विचारायच्या. मॅडमनी कपाळाला हात लावला. दहा वेळा समजावल्यावर थांबणं सुटलं, विचारपूस सुटली, पण उजवा हात काही सुटला नाही. मग तडजोड झाली. अक्का उजवा हात मागं करणार आणि मी ऐन वेळी त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन लाटणं देणार. म्हणजे झुकायचं कुणी? मी! रस्ता बदलायचा कुणी? मी!

शर्यतीच्या दिवशी दौंडला कॉलेजमागच्या रस्त्यावर ही गर्दी. चुन्याच्या रेघा, मांडव, स्पीकर, पाण्याच्या बाटल्या. कडेला माझा भाऊ, वहिनी, जुनी शेजारीण, सगळी मंडळी हजर. वहिनी मोबाइल उंच धरून उभी. मी दोनदा केस सारखे केले.

शर्यत सुटली. मनीषा चांगली गेली. रंजनाला मात्र वळणावर एक लाल पडलं, कारण दौंडची बाई पुढं जायला लागली तशी तिला राहवलं नाही. मग दांडा माझ्या हातात आला, आणि काय सांगू, माझ्या पायात वारं शिरलं. चालत होते हो, आईशपथ चालत होते. पण माहेरच्या लोकांसमोर आले आणि भाऊ ओरडला, "नलू, चल, चल, चल!" तेव्हा माझे पाय कुठं होते हे मला विचारू नका. एवढंच कळलं, की तोच चष्मेवाला पंच समोर उभा आणि त्याच्या हातात लाल कार्ड.

दोन झाली. आता एक पडलं की सगळ्यांचं मुसळ केरात. पण पुढं अक्का होत्या, आणि अक्कांना लाल कार्ड पडणं म्हणजे उसाला भुईमुगाच्या शेंगा लागणं. हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडम रेघेवरून ओरडत होत्या, "फक्त दांडा नीट द्या, ताई! बाकी त्या बघतात!"

बाकी त्या बघतात. ऐकलंत ना?

दौंडची बाई माझ्या थोडी पुढं होती, तिनं आधी दांडा दिला. मी पोचले. अक्कांनी उजवा हात मागं केला, तळवा वर. मी ठरल्याप्रमाणं त्यांच्या उजव्या अंगाला गेले. तिकडं आधीच दुसऱ्या टीमची बाई उभी. मी तिला चुकवत आणखी बाहेर झाले, दांडा अक्कांच्या हातावर ठेवला, त्यांची मूठ मिटली, आणि माझा पाय डांबराच्या कडेवरून खाली गेला तो तिरपाच. घोट्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

मी पडले. पण मला आधी दिसलं काय, तर अक्का चाललेल्या. बाई, काय चाल ती! कंबर लयीत, हात लयीत, मान ताठ. बघता बघता दौंडची बाई मागं पडली. सगळा रस्ता टाळ्या वाजवायला लागला. माझ्या माहेरची माणसंसुद्धा! माझा सख्खा भाऊ शिट्टी मारत होता. मी कडेला धुळीत बसलेली, आणि घोट्याहून जास्त ठणका उठला तो इथं, छातीत. म्हटलं, देवा, पडायचं पण मीच आणि टाळ्या पण त्यांनाच?

उठायला गेले आणि पुन्हा कोसळले. या वेळी तोंडातून "आई गं!" निघालं. वहिनी किंचाळली, "अगं बाई, नलूताई पडल्या! पाय मोडला त्यांचा!"

अक्का वळणाशी पोचल्या होत्या. पुढं मोकळा रस्ता, फीत, मांडव. त्या थांबल्या. वळल्या. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते.

अक्का पळाल्या.

चालल्या नाहीत, पळाल्या. ओढणी गळ्यात आली, तोंडातली मिश्री तशीच, हातात तो दांडा, आणि दोन्ही पाय हवेत. समोरून येणाऱ्या दौंडच्या बाईला ढकलून त्या उलट्या दिशेनं माझ्याकडं पळत होत्या. "नले! ए नले! थांब, उठू नगंस!" फटफटी नाही. नले.

चष्मेवाला पंच मध्ये आडवा गेला, हातात लाल कार्ड. "आजी, थांबा! टीम बाद होईल!"

"व्हऊ दे बाद! सर तिकडं!"

तिसरं लाल पडलं. माझ्याशेजारी येऊन त्या धपकन बसल्या आणि माझा पाय हातात घेतला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पहिलं वाक्य काय, तर, "उजव्या हातानं दिलंस न्हवं का गं? मग पडलीस कशी?"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शर्यत दौंडनं जिंकली, पण दौंडच्या बायकांना विचारलं कुणी? जो तो अक्कांभोवती. मांडवातल्या पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं, की अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं. माझ्या वहिनीचे डोळे भरून आले. तिनं मोबाइलवर जे घेतलं होतं ते संध्याकाळच्या आत सगळ्या ग्रुपांवर फिरलं. मीही पाहिलं. अक्का पळतायत, पळतायत, पळतायत. शेवटी खाली कोपऱ्यात एक चप्पल आणि अर्धा पाय दिसतो. तो माझा.

भाऊ म्हणाला, "आजचा दिवस इथं राहू दे नलूला. पाय सुजलाय." मी हो म्हणणार होते. माहेरी लाड करून घेता आले असते. तर अक्का म्हणाल्या, "न्हाई. ती माझ्यासंगं यील." असं म्हणाल्या जसं काही मी त्यांची पाटी आहे. आणि भावानं ऐकलंही.

परतीला जीप. मोडलं नव्हतं, लचकलं होतं, पट्टी बांधली होती. मॅडम, मनीषा, रंजना पुढं, मी आणि अक्का मागच्या बाकावर. अक्कांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी दचकले. थोरल्या जावेच्या मांडीवर धाकटीचा पाय?

"अक्का, पाय लागेल. पाप लागेल मला."

"लागू दे. हलू नगं."

मॅडम पुढून म्हणाल्या, "अक्का, असं का केलंत? आम्ही होतो ना सगळे तिथं. दोन्ही पाय हवेत होते तुमचे."

"परत आले न्हवं का खाली?" अक्का म्हणाल्या.

जीप चालली होती. कडेला ऊस, मग एक ढाबा, मग पुन्हा ऊस. अक्का पट्टीवरून हात फिरवत होत्या. मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "अक्का, तुम्ही पळालात."

"व्हय."

"तुम्ही तर म्हणता, पळत्यात ती चोरं."

"मी कशाला म्हणू? आत्याबाई म्हणायच्या."

अक्का बाहेर बघत बोलायला लागल्या. लग्नानंतरची पहिली पंचमी. त्यांचा धाकटा भाऊ न्यायला आला होता, इनामगावहून, पायी. विहिरीवरून त्यांना तो वेशीत दिसला. हंडा तिथंच टाकून त्या पळत सुटल्या, थेट अंगणात. दारात आत्याबाई. पाहुण्यासमोर म्हणाल्या, पळत्यात ती चोरं. या घरची थोरली सून पळत न्हाई. आणि भावाला पाणीसुद्धा न पाजता परत लावून दिलं. त्या पंचमीला अक्का माहेरी गेल्याच नाहीत.

"चार मिश्रीवर माह्यार," अक्का म्हणाल्या. "त्यो जाताना मागं बघत बघत गेला. तवा म्या ठरवलं, आता पळायचंच न्हाई. पर असं चालायचं की कुणी गाठलं न्हाई पायजे."

अशा वेळी माझ्या तोंडून भलतंच येतं. मी म्हटलं, "पण मला कशा नाही बोलल्या कधी? मी तर दिवसभर पळायचे. माझा भाऊ आला की वेशीपर्यंत जायचे. माझ्यावर जीव होता त्यांचा, म्हणून असेल, नाही?"

अक्का नेहमीसारख्या म्हणाल्या, "व्हता की." जीप गतिरोधकावरून उडाली तसा त्यांनी माझा पाय घट्ट धरला.

"बोलणार हुत्या," त्या म्हणाल्या. "तू आलीस त्याच महिन्यात. तुझा भाऊ आला आन् तू सुटलीस उधळल्यावाणी. आत्याबाईंनी तोंड उघडलं. म्या आडवी झाले. म्हणलं, आत्याबाई, तिला पळू द्या. चालायला मी हाय की."

"मग?"

"मग काय? तुझ्या वाटंचं मला बोलल्या. मला सवय हुती."

एवढं सांगून त्यांनी बटव्यातून मिश्रीची डबी काढली.

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. घ्या! साऱ्या आयुष्यात एक गोष्ट माझी स्वतःची होती, अक्कांपेक्षा वरचढ, तीही त्यांचीच निघाली. सांगा आता, या बाईवर जळायचं तरी किती? मला रडू आलं ते रागानं आलं की कशानं, मला माहीत नाही. अक्का म्हणाल्या, "ठणकतंय व्हय लई?" मी मान हलवली. ठणकतच होतं.

गावच्या फाट्यावर उतरलो. तिथून घर अर्ध्या मिश्रीवर. अक्कांनी माझा हात आपल्या खांद्यावर टाकला, आणि आम्ही निघालो. त्यांना हळू चालताच येत नाही. दोन पावलं टाकली की पुढं जायच्या, मग थांबायच्या, मग माझ्या पायाकडं बघून पुन्हा पाऊल आखडून घ्यायच्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्या माझ्या शेजारून चालत होत्या. माझी एक चप्पल वाजत होती, दुसरी त्यांच्या हातात होती. डाव्या हातात.

फ्लेक्स अजून तसाच होता, माझ्या तोंडावर बांबू. पारावर माणसं बसली होती, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेला. त्यातलं एक म्हातारं मान डोलवून मोठ्यानं म्हणालं, "जाऊ असावी तर अशी!"

नेहमीसारखं माझ्या पोटात दुखलं. अगदी नेहमीच्याच जागी दुखलं. मी थांबले, अक्कांच्या खांद्यावरचा हात आणखी घट्ट केला आणि पारावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "हाय की! माझीच हाय!"